परसातील प्रश्नोत्तरे : आफ्रिकेतल्या पालेभाज्या, आपल्या ओळखीच्या

गेल्या अंकात या सदरात केनिया आणि युगांडा येथील घराघरांत खाल्ल्या जाणाऱ्या देशी पालेभाज्यांविषयी एक छोटे टिपण दिले होते. तिथल्या बायका घरामागच्या वाफ्यात या भाज्या कशा पेरतात, आठवड्याला कशा खुडतात आणि दुधात किंवा शेंगदाण्याच्या कुटात कशा शिजवतात, एवढेच त्यात होते. त्यावर मडगावपासून पेडण्यापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझे थोरले दीर आणि जाऊबाई तीस वर्षे नैरोबीत राहून गेल्या वर्षी मडगावला परत आले. जाऊबाईंना तिथल्या मनागू, सागा, तेरेरे आणि कुंडे या भाज्यांची फार आठवण येते. त्यांचा मुलगा अजून तिकडेच असतो आणि डिसेंबरमध्ये येताना बियाण्याच्या पुड्या सामानातून आणीन असे म्हणतो. त्या आणाव्यात का, आणि आणल्यास आमच्या परसात या भाज्या होतील का?
— एक गृहिणी, मडगाव

उत्तर : बियाणे सामानातून आणू नये, हे आधी स्पष्ट सांगते. परदेशातून पेरणीसाठी बी आणायचे असल्यास २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो आणि ज्या देशातून बी येते तेथील वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रही लागते. ही केवळ कागदपत्रांची कटकट समजू नये. बियाण्याच्या कवचावर आणि आत रोगांचे बीजाणू, विषाणू आणि किडींची अंडी येऊ शकतात, आणि एकदा ती आपल्या मातीत शिरली की त्यांचा त्रास आपल्या एकट्याच्या परसापुरता राहत नाही. त्याचे ठळक उदाहरण याच सदरात पुढे गोगलगायीच्या प्रश्नात येणार आहे.

आता आनंदाची गोष्ट. आपल्या जाऊबाईंनी सांगितलेल्या चारही भाज्या, किंवा त्यांची अगदी जवळची भावंडे, गोव्यात आधीपासूनच आहेत. फक्त आपण त्यांना वेगळ्या नावांनी ओळखतो, आणि त्यांतील दोन तर आपण तण म्हणून उपटून टाकतो.

तेरेरे म्हणजे माठ. स्वाहिलीत त्यालाच मचिचा म्हणतात. आपली तांबडी भाजी त्याच कुळातली आहे. कुंडे म्हणजे चवळीचा पाला, आणि चवळी म्हणजे आपले अळसांदे. सागा, ज्याला केनियातील किसी जमातीचे लोक चिन्सागा म्हणतात, ती आपली पांढरी तिळवण होय. मनागू म्हणजे कामोणी किंवा तिच्या जवळची जात. पूर्व आफ्रिकेत मोठ्या पानांची आणि जांभळ्या-काळ्या फळांची एक जात मुद्दाम लागवडीसाठी निवडलेली आहे. आपल्याकडे मेरेवर उगवणारी कामोणी त्या मानाने लहान पानांची असते, परंतु चव आणि उपयोग जवळपास तोच आहे.

या ओळखी जुन्या आहेत. चवळी आणि नाचणी ही दोन्ही पिके मुळात आफ्रिकेत लागवडीखाली आली आणि हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे पोचली. ज्या नाचण्यांचे तिजण आपण उन्हाळ्यात पितो, तेही त्याच वाटेने आलेले धान्य आहे. अंबाडीही मूळची आफ्रिकेतलीच. (गोव्यात आंबाडे म्हटले की आपल्याला झाडावरचे आंबट फळ आठवते. येथे मी लाल देठाच्या अंबाडीच्या भाजीविषयी बोलते आहे.) उलट माठाच्या बऱ्याच जाती अमेरिकेतून आफ्रिकेत गेल्या आणि तिथे इतक्या रुळल्या की आज तिथली माणसे त्यांना आपलीच देशी भाजी मानतात. कुरडूचेही पाहा. पावसाळ्यात आपण कुरडूची कोवळी पाने रानातून आणतो. नायजेरियात योरुबा लोक त्याच कुरडूला सोको म्हणतात, वाफ्यात पेरतात आणि बाजारात जुड्या बांधून विकतात.

मला या सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती हीच गोष्ट. आपण या भाज्या वेचतो आणि ते लोक त्या पिकवतात. मधल्या काळात तिथेही या भाज्यांकडे गरिबाचे अन्न म्हणून पाहिले गेले आणि कोबी आणि केल (कोबीच्याच कुळातली एक पालेभाजी) यांनी त्यांची जागा घेतली. केनियातील जोमो केन्याटा कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या प्राध्यापिका मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो यांनी अनेक वर्षे या भाज्यांचे बियाणे, लागवड आणि पोषण यांवर काम केले. लहानपणी त्यांना प्राणिज प्रथिने सोसत नसत, त्यामुळे त्या घरच्या पालेभाज्यांवरच वाढल्या. २०१० मध्ये त्यांना आफ्रिकी संघाचा क्वामे एन्क्रुमा विज्ञान पुरस्कार मिळाला. टांझानियातील अरुशा येथे जागतिक भाजीपाला केंद्राचे कार्यालय आहे, आणि तिथेही या भाज्यांच्या सुधारित जाती तयार होतात. अशा कामामुळे आज नैरोबीच्या मोठ्या दुकानांतही मनागूच्या जुड्या मिळतात.

तेव्हा आपण असे करावे. माठाचे आणि चवळीचे बी कोणत्याही बियाण्याच्या दुकानात मिळते. तिळवण आणि कामोणी यांचे बी पावसाळ्याच्या शेवटी पडीक जागेतल्या झाडांवरून गोळा करावे. झाड ओळखण्याचे काम जाऊबाईंवरच सोपवावे. तीस वर्षे ज्यांनी ती भाजी निवडली आहे त्यांचे डोळे आणि बोटे ते झाड लगेच ओळखतील.

प्रश्न : आपले टिपण वाचून मी आमच्या वाड्याबाहेरच्या मोकळ्या जागेतून पांढऱ्या तिळवणीच्या शेंगा आणल्या, बी काढले आणि चार दिवसांत वाफ्यात पेरले. तीन आठवडे झाले तरी जेमतेम पाच-सहा रोपे दिसतात. माझे काय चुकले?
— एक निवृत्त शिक्षक, फोंडा

उत्तर : आपले चुकले ते एवढेच की आपण घाई केली. माझ्याकडून पहिल्या वर्षी नेमकी हीच चूक झाली होती, आणि बी खराब आहे असे समजून मी उरलेले सगळे टाकून दिले, याचे मला आजही वाईट वाटते. तिळवणीचे ताजे बी झोपलेले असते. शेंग पिकल्यानंतर तीन ते सहा महिने ते कोरड्या जागी ठेवावे लागते, तेव्हा कुठे ते नीट उगवते. निसर्गात याला अर्थ आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात शेंग फुटून सांडलेले बी लगेच उगवले तर पुढच्या कोरड्या महिन्यांत ते रोप मरून जाईल. म्हणून ते वाट पाहते.

हे बी आपण एकदा भिंगाखाली अवश्य पाहावे. मोहरीहून लहान, काळपट तपकिरी आणि वेटोळे घातलेल्या शंखासारखे ते दिसते. त्याच्या पाठीवर बारीक खरखरीत कंगोरे असतात. चिमटीत घेतले तर वाळूसारखे टोचते. ऑक्टोबरात शेंगा पिवळसर होऊ लागल्या की त्या फुटण्याआधीच देठासकट कापाव्यात आणि जुन्या धोतराच्या फडक्यात सैल बांधून वळचणीला टांगून ठेवाव्यात. फुटलेल्या शेंगांचे बी फडक्यातच पडते. महिन्याभराने ते पाखडून, थोडी चाळलेली राख मिसळून काचेच्या बरणीत ठेवावे, बरणीवर तारीख लिहावी आणि फेब्रुवारीपर्यंत ती उघडू नये.

पेरणीच्या वेळी बी उघडे टाकू नये. उजेडात ते नीट उगवत नाही, म्हणून ते सुमारे एक सेंटिमीटर मातीखाली असावे. बी बारीक असल्याने मूठभर कोरड्या वाळूत मिसळून एक-एक फुटाच्या अंतरावरील ओळींत सोडावे. तीन आठवड्यांनी विरळणी करून दोन रोपांत चार ते सहा इंच अंतर ठेवावे. उपटलेली रोपे टाकू नयेत, तीच पहिली भाजी समजावी.

हंगामाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बाहेरच्या लागवडीच्या माहितीवर विसंबून आपल्या हवेत फसगत होते. तिळवण ही उन्हाची भाजी आहे. मका, नाचणी आणि माठ यांच्याप्रमाणेच तिची पाने कडक उन्हात आणि उष्ण हवेत जास्त कार्यक्षमतेने वाढतात. माडाच्या किंवा फणसाच्या सावलीत ती लुकडी होते. मात्र मुळाशी पाणी साचलेले तिला मुळीच सोसत नाही. पूर्व आफ्रिकेत ती पावसाच्या सुरुवातीला पेरतात, आणि ते वाचून आपण जूनमध्ये पेरायला गेलो तर आपल्या तीन हजार मिलिमीटर पावसात रोपे कुजतात. रानात ती पावसाळ्यात उगवते हे खरे, परंतु तिथे ती पाणी वाहून जाणारी उताराची, खडकाळ जागा स्वतःच निवडते. आपण फेब्रुवारीच्या मध्यापासून पेरणी करावी, एप्रिलमध्ये दुसरी करावी, आणि न्हाणीचे साबण नसलेले पाणी दिवसाआड द्यावे. पावसाळ्यात हवीच असेल तर वीतभर उंच गादीवाफा करून त्याच्या चारही बाजूंनी चर काढावेत.

आपल्याकडची जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते आणि तीत सेंद्रिय अंश कमी असतो. एका चौरस मीटरला दोन ते तीन किलो चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी चुलीची राख मिसळली की बहुतेक काम होते. ताजे शेण घालू नये, त्याने वाळवी येते.

खुडणीही शिकावी लागते. रोप वीतभर झाले, म्हणजे उगवणीनंतर साधारण पाच आठवड्यांनी, की शेंडा नखाने मोडावा. नख सहज बसले आणि देठ कट् असा आवाज करून तुटला, तर वेळ बरोबर आहे असे समजावे. देठ वाकला आणि धागा निघाला तर उशीर झाला आहे. शेंडा खुडल्यावर खालच्या प्रत्येक पानाच्या बगलेतून नवा फुटवा येतो. पुढे आठवड्याला एकदा असे चार-पाच आठवडे खुडत राहता येते. पाणी कमी पडले किंवा माती उपाशी राहिली की हे झाड फार लवकर फुलावर जाते आणि पाने कडू, राठ होतात. म्हणून फुलाचा तुरा दिसताच तो काढून टाकावा. बियांसाठी मात्र सर्वांत उशिरा फुलणारी आणि मोठ्या पानांची दोन-तीन झाडे खूण करून ठेवावीत आणि त्यांना हात लावू नये. दरवर्षी अशी निवड केली की चार-पाच वर्षांत आपल्या घरचे बी वेगळे दिसू लागते.

तिळवणीचा कडवटपणा पहिल्यांदा खाणाऱ्याला जड जातो. केनियात ती उकडून, पाणी निथळून दुधात मुरत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी गरम करून नाचणीच्या किंवा मक्याच्या घट्ट उकडीबरोबर खातात. आमच्या घरी मी उकडलेल्या भाजीला कांदा, हिरवी मिरची आणि भरपूर ओले खोबरे घालते आणि शेवटी पळीभर नारळाचा दाट रस. दुधाने जे होते तेच येथे रसाने होते. भाकरी नाचण्याचीच असावी, असे माझे मत आहे.

प्रश्न : कामोणीची पाने खाल्ल्यास विषबाधा होते असे माझ्या आजी सांगत. आपण ती खाण्यास सांगता. कोणाचे खरे मानावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या आजींची सावधगिरी योग्यच होती, आणि तिच्यामागे कारण आहे. कामोणी वांगी-बटाट्याच्या कुळातली आहे. तिच्या कच्च्या हिरव्या फळांत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये असतात, म्हणून हिरवी फळे कधीही तोंडात घालू नयेत आणि भाजी निवडताना एकूण एक काढून टाकावीत. पाने कोवळी, फुले येण्याआधीची घ्यावीत, भरपूर पाण्यात उकडावीत आणि ते पाणी फेकून द्यावे. आफ्रिकेत ही भाजी रोज खाणारे लोकही हेच करतात. कच्ची पाने कोशिंबिरीत घालणे टाळावे. लहान मुले परसात खेळत असतील तर या झाडांना फळ धरूच देऊ नये.

ओळखीत शंका असेल तर भाजी करू नये. कामोणीची फुले बोराएवढीही नसतात. पांढऱ्या लहान चांदण्यांसारखी, मध्ये पिवळा ठिपका असलेली ती फुले झुबक्याने खाली लोंबतात आणि फळेही झुबक्यानेच लागतात. धोतऱ्याचे फूल लांब कर्ण्यासारखे आणि फळ काटेरी असते. धोतरा अतिशय विषारी आहे. कोवळ्या वयात दोन्ही रोपांची पाने पाहून घोटाळा होऊ शकतो, म्हणूनच रानातून वेचण्यापेक्षा एकदा खात्रीच्या झाडाचे बी घेऊन वाफ्यात पेरणे अधिक सुरक्षित आहे. पिकलेली काळी फळे पाण्यात कुस्करून एक-दोन दिवस आंबू द्यावीत, खाली बसलेले बी धुऊन सावलीत वाळवावे, आणि रोपाला पाच-सहा पाने आली की एक फूट अंतरावर लावावे. तिळवणीच्या उलट हिला थोडी सावली चालते आणि शेणखताची भूक मोठी असते.

ज्या वाफ्यात आदल्या हंगामात वांगी, मिरची किंवा टोमॅटो होते, तिथे कामोणी लावू नये. आपल्या मातीत जिवाणूंमुळे येणारा मर रोग वांग्याला किती छळतो, हे गोव्यातल्या कोणत्याही बागायतदाराला ठाऊक आहे. हिरवेगार झाड दुपारी एकाएकी माना टाकते आणि दोन-तीन दिवसांत संपते. तोच रोग कामोणीवर राहतो आणि पुढच्या वर्षी परत वांग्यावर येतो. त्या जागी अळसांदे किंवा माठ घ्यावा.

प्रश्न : आम्ही भात कापल्यावर दरवर्षी अळसांदे पेरतो. त्यांची पाने खाता येतात हे आपल्याकडून प्रथमच कळले. बाजारात मिळणारी चवळीची भाजी ती हीच का? पाने काढल्यास दाणा कमी येईल का?
— एक शेतकरी दांपत्य, पेडणे

उत्तर : बाजारात बऱ्याच ठिकाणी चवळी किंवा चवळई म्हणून जी जुडी मिळते ती माठाच्या कुळातली भाजी असते, अळसांद्यांचा त्या भाजीशी संबंध नाही. नावाच्या सारखेपणामुळे हा गोंधळ मुंबईपासून येथपर्यंत सर्वत्र आहे. अळसांद्यांचे पान तीन पानांचे, गुळगुळीत आणि किंचित लांबट असते. ते शिजल्यावर मेथीसारखे कडू लागत नाही आणि माठासारखे गळूनही जात नाही.

दाण्याविषयी आपली शंका रास्त आहे. पाने फार ओरबाडली तर दाणा नक्कीच घटतो. म्हणून शेतातल्या मुख्य पिकाला हात लावू नये. घराजवळच्या दोन ओळी भाजीसाठी राखाव्यात आणि त्यांत बी दाट पेरावे. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी वरची दोन-तीन कोवळी पाने खुडायला सुरुवात करावी. जून पानांना चामट तंतू येतात. शेतातही फुले येण्याआधी एकदा, प्रत्येक वेलाची दोन-चारच पाने, घेण्यास हरकत नाही. चवळीच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधला जातो, त्यामुळे हिला वेगळे नत्रखत घालण्याची गरज नाही. उलट नत्र जास्त झाला की मावा येतो. शेंड्यांवर काळा मावा दिसताच ते शेंडे खुडून टाकावेत आणि उरलेल्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

आपण खेड्यात राहता आणि उन्हाळ्याचे कडक ऊन आपल्या अंगणात येते, म्हणून आणखी एक गोष्ट सुचवते. झिंबाब्वेमध्ये चवळीची पाने उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवतात आणि भाजी मिळत नाही त्या महिन्यांसाठी साठवतात. त्या सुक्या भाजीला ते मुफुश्वा म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यासाठी पुरुमेंताचे सामान भरण्याची रीत आहे, त्यात सुकी मासळी, सोलां, मिरच्या, आंबोशी असतात, परंतु सुकी पालेभाजी मी कोणाकडे पाहिली नाही. मी गेल्या मे महिन्यात करून पाहिली. पाने मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून, निथळून, सुपात पातळ पसरून वर फडके बांधून दोन दिवस वाळवली. ती चुरचुरीत झाली, पण रंग काळपट झाला. थेट उन्हाऐवजी पत्र्याच्या छपराखालच्या गरम सावलीत वाळवलेली दुसरी खेप हिरवी राहिली. जुलैच्या मुसळधार पावसात तीच पाने तासभर भिजवून, शेंगदाण्याचे कूट घालून केलेली भाजी घरात सर्वांनी आवडीने खाल्ली.

प्रश्न : मी अनेक वर्षे आखातात नोकरी केली. तिथे इजिप्तचे सहकारी मोलोखिया नावाची बुळबुळीत भाजी करीत. ती आफ्रिकेतलीच ना? पर्वरीला चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत होईल का?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : होय. ज्या झाडाच्या सालीपासून ज्यूटचा धागा निघतो, त्याचीच ही पाने. बंगालात तिला पाट शाक म्हणतात, पश्चिम केनियात म्रेंदा, तर योरुबांत एवेदू. पश्चिम केनियात ती चवळीच्या पाल्याबरोबर शिजवतात आणि वनस्पतींच्या राखेतून गाळलेले खाराचे पाणी घालतात, त्याने पाने लवकर मऊ होतात.

गॅलरीत ती छान होते, मात्र निदान पाच-सहा तास ऊन हवे. बियांचे कवच कठीण असते, म्हणून बी फडक्यात बांधून नुकत्याच उकळलेल्या पाण्यात दहा सेकंद बुडवावे, लगेच गार पाण्यात घालावे आणि पेरावे. तळाला भोके असलेली, फूटभर खोल कुंडी किंवा तेलाचा जुना डबा पुरतो. झाड कमरेएवढे वाढू न देता वीत-दीड वीत उंचीवरच शेंडे खुडत राहावे. भेंडी शिजवता येते त्याला ही भाजी शिजवता येते. बिया मात्र पोटात जाऊ देऊ नयेत, त्यांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. शेंगा धरू लागल्या की भाजीसाठी ते झाड संपले असे समजावे. पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून ठेवावी.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला की आमच्या परसात मुठीएवढ्या गोगलगायी येतात आणि एका रात्रीत माठाचा वाफा साफ करतात. मीठ टाकून थकलो. उपाय सांगावा.
— एक बागायतदार, वाळपई

उत्तर : या गोगलगायीही मुळात पूर्व आफ्रिकेतल्याच आहेत. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने त्या कलकत्त्याला आणून एका बागेत सोडल्या आणि तेथून त्या देशभर पसरल्या. मडगावच्या वाचकांना सामानातून बियाणे आणू नका असे मी का सांगितले, ते यावरून लक्षात यावे.

मीठ टाकू नये. त्याने गोगलगाय मरते हे खरे, परंतु वाफ्याची माती खारट होते आणि पुढे माठही उगवत नाही. पहिल्या पावसानंतरचे दोन-तीन आठवडे सर्वांत महत्त्वाचे असतात, कारण तेव्हा त्या अंडी घालण्यासाठी बाहेर पडतात. संध्याकाळी ओले गोणपाट आणि त्याखाली पपईच्या साली किंवा कोबीची पाने ठेवावीत, आणि पहाटे उजाडण्यापूर्वी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. ते पाणी वाफ्यापासून दूर ओतावे. हे काम हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालूनच करावे, कारण त्यांच्या अंगात माणसाला अपाय करणारा जंत असू शकतो. चिऱ्याच्या कुंपणाच्या फटी, जुन्या झावळ्यांचे ढीग आणि विटांच्या राशी हे त्यांचे दिवसाचे घर असते. मातीत दोन इंचांवर साबुदाण्याहून मोठी, पिवळसर अंडी पुंजक्याने सापडतात, तीही नष्ट करावीत. वाड्यावरच्या चार घरांनी मिळून एकाच आठवड्यात हे केले तर फरक पडतो. एकट्याने केले तर शेजारच्या परसातून त्या परत येतात. पावसाळ्यातली प्रत्येक पालेभाजी वाहत्या पाण्यात पान-पान सुटे करून धुवावी आणि शिजवूनच खावी.

प्रश्न : माझ्या यजमानांना मूतखड्याचा त्रास आहे. या भाज्या त्यांना द्याव्यात का?
— एक गृहिणी, म्हापसा

उत्तर : माठाच्या कुळातील भाज्यांत ऑक्झॅलेटचे प्रमाण बरेच असते आणि काही प्रकारचे मूतखडे त्यापासून होतात. खडा कोणत्या प्रकारचा होता हे डॉक्टरांना विचारून त्यांच्या सल्ल्यानेच माठ द्यावा. उकडून पाणी टाकल्याने ऑक्झॅलेट काही प्रमाणात कमी होते. यजमान रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत असतील तर हिरव्या पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू नये, तेही डॉक्टरांना सांगावे.

ता. क. : तिळवणीचे ओळखलेले, जुने झालेले बी माझ्याकडे दोन बरण्या आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट पाठवावे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला चमचाभर बी पाठवीन. मात्र त्यातून आलेल्या सर्वांत उशिरा फुलणाऱ्या झाडाचे बी पुढच्या ऑक्टोबरात कोणत्या तरी शेजाऱ्याला द्यावे.